सतरा नंबरचा चार्ज

सतराव्या खाटेपाशी प्रमिला भोयर थांबली आणि म्हणाली, "हा पेशंट मी घेत नाही."

मी आधी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. दोन वाजून गेले होते. पाचच्या आत मला इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, मेडिसिन विभागाच्या ऑफिसात पोचून सही करायची होती. माझी पिशवी भरून वॉर्डाच्या दारामागे टांगलेली होती. सोळा खाटा झाल्या होत्या. ही सतरावी, आणि पुढे तीन.

"घेत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे मले समजला नाही. समजवून द्या, घेते."

वाचकांना इथे थोडं मागे न्यायला हवं.

एम.बी.बी.एस. आणि इंटर्नशिप संपली की माणूस डॉक्टर होतो. पण फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ व्हायला आमच्या काळी, म्हणजे सत्तरच्या दशकात, पुढे एक वेगळी शिडी होती. आधी त्या शाखेत हाऊसमनची पोस्ट मिळवायची. हाऊसमन म्हणजे वॉर्डातला सगळ्यात खालचा डॉक्टर. रक्त काढणं, सलाइन लावणं, केसपेपर लिहिणं, सगळं त्याच्याकडे. ही पोस्ट सहा महिन्यांची. अशा टर्म पार पडल्या की रजिस्ट्रार. मग प्रबंध, मग एम.डी.ची परीक्षा. ज्याला एवढं थांबणं जमत नसे तो मुलांच्या आजारांचा छोटा डिप्लोमा घेऊन तालुक्याच्या गावी दवाखाना टाकी. कुठल्या शिडीवर पाय पडतो ते पहिल्या पोस्टवर ठरे आणि पोस्ट मार्कांवर ठरे. चुकीच्या शिडीवर चढलेला माणूस उतरून दुसऱ्या शिडीशी रांग धरू शकत असे, पण रांगेत शेवटी.

मला मेडिसिन हवं होतं. मोठ्या माणसांचं. मुलांची शाखा, पेडियाट्रिक्स, तेव्हा मेडिसिनच्या घरातून नुकतीच वेगळी निघाली होती आणि तिला अजून कोणी मोजत नव्हतं. माझे वडील नागपुरात गांधीबागेत एका कापडाच्या ठोक व्यापाऱ्याकडे मुनीम होते. मी मुलांच्या वॉर्डात लागलो हे कळल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "लहान पोरांचा डॉक्टर? मग तू मोठा कधी होणार?"

मी म्हणालो, तात्पुरतं आहे. ते खरंही होतं. मेडिसिनच्या प्रतीक्षा यादीत माझं नाव पहिलं होतं. कोणी सोडून गेलं तर मला. ती टर्म मी मुलांच्या वॉर्डात वेटिंग रूममध्ये बसल्यासारखी काढली. काम करत होतो, पण कान बाहेरच्या घोषणेकडे.

टर्म बदलायच्या दिवशी सकाळी ती घोषणा झाली. मेडिसिनचा एक हाऊसमन इंग्लंडला निघाला होता. नोटीस लागली: संध्याकाळी पाचपर्यंत पहिल्या नावानं जॉइन व्हावं, नाहीतर जागा दुसऱ्या नावाला. दुसरं नाव गिरडकरचं. मी ताबडतोब मुलांची पुढच्या टर्मची पोस्ट सोडत असल्याचं लिहून दिलं आणि ती त्यांच्या यादीतल्या पुढच्या नावाला गेली. ते नाव प्रमिला भोयर. म्हणजे मेडिसिन हुकलं तर परत यायला मुलांच्या वॉर्डातही मला जागा उरली नव्हती. आता फक्त तिला चार्ज द्यायचा होता.

चार्ज देणं म्हणजे आपल्या खाटांवरचे पेशंट दुसऱ्या डॉक्टरच्या स्वाधीन करणं. बाकीच्या युनिटांत हे काम कँटीनमध्ये चहावर उरके. "चार नंबर न्यूमोनिया, पाच नंबर जुलाब, सहा नंबर उद्या घरी." आमच्या युनिटच्या प्रमुखांना, सरांना, ते चालत नसे. सरांचा नियम असा की केसपेपर मिटून खाटेच्या पायथ्याशी ठेवायचा. जाणाऱ्यानं मुलाकडे बघत, आई ऐकत असताना, तिला कळेल अशा मराठीत सांगायचं, की याला काय झालं आहे आणि हे आपण कशावरून म्हणतो. येणाऱ्यानं हवं ते विचारायचं. पटलं की म्हणायचं, "घेतला." सगळ्या खाटा घेऊन झाल्या की दोघांनी सरांपुढे उभं राहायचं, मग सर जाणाऱ्याला मोकळं करत. आम्ही याला वरात म्हणायचो. दुसऱ्याची वरात लांबली की व्हरांड्यात उभे राहून हसायचो.

प्रमिला माझ्या मागच्या बॅचची. मौद्याकडच्या शेतकरी घरातली. तेव्हा मी तिला फक्त चेहऱ्यानं ओळखत होतो. पुढे आमचं लग्न झालं. यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला ती गेली. मुलगी म्हणते, आईबद्दल काहीतरी लिहा. मी लिहायला बसतो आणि दर वेळी ही सतरावी खाटच पुढे येते. म्हणून तीच लिहितो आहे.

त्या खाटेवर बबन होता. वर्षाच्या आतला. दोन्ही पाय हलवत नाही म्हणून आणलेला. भरती शेजारच्या युनिटात झाली, तिथे खाट नव्हती म्हणून आमच्याकडे आला, आणि येताना पोलिओ हे निदान घेऊनच आला. तेव्हा पाय न हलवणारं मूल म्हणजे पोलिओ, हे व्हरांड्यात डबा घेऊन बसलेले नातेवाईकही सांगत. ओपीडीत कोणीतरी "पोलिओ असू शकेल" म्हणालं असेल. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येता येता "असू शकेल" मागे राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याला व्यायामाच्या विभागात न्यायचं ठरलं होतं. तिथे पाय ताणणार आणि पट्ट्या बांधणार.

"पोलिओ," मी म्हणालो. "ताप आला, पाय गेले. आता ताप नाही. उद्यापासून व्यायाम."

"कशावरून पोलिओ?"

"पाय हलवत नाही."

"मग रडते काहून?"

वॉर्डात वीस मुलं होती आणि निम्मी रडत होती. मी तसं म्हणालो.

"ती सुईले रडतात, भुकेनं रडतात," प्रमिला म्हणाली. "हा आपल्याले येताना पाहूनच रडला. आपण अजून हातही नाही लावला. पोलिओत पाय दुखते तो सुरुवातीले. मग लुळा पडते. लुळ्या पायाचं पोरगं माणूस जवळ आलं म्हणून इतकं भेते का?"

बबनची आई खाटेच्या कडेला बसली होती. अंगानं बारीक, डोळे तारवटलेले. ती म्हणाली, "हौ बाई. दुपटं बदलाचं म्हटलं तरी किंचाळते. आपल्यानं त उचलूनच नाई होत त्याले."

"हे डॉक्टरांले सांगितलं होतं?" प्रमिलानं विचारलं.

"कोनी इचारलंच नाई जी. पोलिओ हाय म्हने."

मला प्रमिलाचं म्हणणं पटत होतं, आणि नेमकं त्या वेळी ते मला पटायला नको होतं. तेवढ्यात दारात गिरडकर उभा राहिला. उंच, हसरा, हातात फडक्यात गुंडाळलेला स्टेथोस्कोप.

"काय गा घाटे, निघाली का वरात?"

"निघतेच आहे."

"घाई नाही. मी सहज विचारून राहिलो." आणि तो समोरच्या बाकावर, जिथून आमचं दार दिसतं, तिथे पाय लांब करून बसला.

मी आवाज खाली आणून प्रमिलाला म्हणालो, "हे पाहा, आज पोलिओ म्हणून घ्या. उद्या तुमच्या पद्धतीनं तपासा. तुमचाच पेशंट असेल."

"मी पोलिओ म्हणून घेतला की तो पोलिओच, घाटे. सहा महिन्यांनी मी पुढच्याले तसाच देईन. तोवर याचे पाय रोज ताणत राहतील."

"मग हा सोडून बाकीचे घ्या."

"सर विचारतील, सगळे घेतले का. मी काय सांगू? यांले घाई होती?"

मी दुपारचं जेवलो नव्हतो. सिस्टरच्या टेबलावर संत्र्यांची टोपली होती. बबनचा बाप संत्रा मार्केटात हमाल होता. रोज येताना तो डागी संत्री घेऊन येई. डागी म्हणजे सालीवर डाग पडलेली, पेटीत न भरली जाणारी. आतून झकास. सगळा वॉर्ड ती खात असे, मीही. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी त्यातलं एक उचललं आणि बबनच्या खाटेपाशी उभा राहून सोलू लागलो.

बबनच्या आईनं पटकन पदर त्याच्या तोंडावर ओढला. "डाक्टरसाहेब, थे जरा तिकडं सोला ना जी. वासानंच खोकला होते त्याले."

प्रमिलानं तिच्याकडे मान वळवली. "संत्र्यानं?"

"थंड असते ना बाई. आमच्या घरी त टोपल्या भरून येते. पन याले म्या आजपावतर बोट नाई लावू देल्लं." हे तिनं अभिमानानं सांगितलं.

"मग हा खाते काय?"

"दूध."

"अंगावरचं?"

"अंगावरचं कुठलं? बाळंतपनातच मुदतीचा ताप आला मले. आटलं सारं. म्हशीचं देतो, पानी घालून. चांगलं उकळू उकळू. दोन डाव, तीन डाव."

"अजून काय?"

"बिस्कुट. दुधात बुडवून."

"भाजीचं पाणी? लिंबू?"

"थंडीच्या दिवसात लिंबू?" तिनं प्रमिलाकडे असं पाहिलं की ही बाई खरंच डॉक्टर आहे ना.

माझ्या हातातलं संत्रं अर्धं सोललेलं तसंच राहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शब्द कोणीच उच्चारला नाही. कारण तो शब्द आम्ही फक्त परीक्षेसाठी पाठ केलेला होता, खलाशांच्या गोष्टीसकट. स्कर्व्ही. महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या, ताजी फळं आणि भाजी न मिळणाऱ्या माणसांचा आजार. क जीवनसत्त्व पोटात गेलं नाही की तो होतो. दूध पुन्हा पुन्हा उकळलं की त्यात जे थोडंफार असतं तेही जातं. लहान मुलांत हाडाच्या आवरणाखाली रक्त साखळतं आणि पाय इतके दुखतात की मूल ते हलवतच नाही. बेडकासारखे फाकवून पडून राहतं. पाय गेलेले नसतात, फक्त हलवायची हिंमत गेलेली असते. बबन अगदी तसाच पडला होता. आम्ही सगळे त्याला रोज तसा पाहत होतो.

आणि हे नागपुरात. त्या मोसमात रस्त्यावरच्या गाईसुद्धा संत्र्याच्या साली हुंगून पुढे जात.

प्रमिलानं हात धुतले आणि बबनचा वरचा ओठ अलगद वर केला. नुकत्याच आलेल्या दोन दातांभोवतीची हिरडी जांभळी, फुगलेली होती. तोपर्यंत कोणी त्याचं तोंड उघडून पाहिलं नव्हतं. पायाचा पेशंट होता ना तो.

"आता समजला," ती म्हणाली. "हा मी घेते. एक्स-रे मी काढून आणते."

पुढच्या तीन खाटा विसरून मी पिशवी खांद्याला अडकवली आणि दारापर्यंत गेलो. गिरडकर बाकावरून उठून उभा राहिला. मी परत फिरलो. हे मी चांगुलपणानं केलं असं पुढे काही लोकांनी माझ्या निरोप समारंभात सांगितलं, ते बरोबर नाही. मला जाणून घ्यायचं होतं. पुस्तकातली एक ओळ समोर जिवंत पडलेली आणि ती खरी की खोटी ते न पाहता निघून जायचं, हे मला जमेना. शिवाय बबनला कोणी नुसतं उचललं असतं तर तो कळवळला असता. त्याला गादीसकट उचलावं लागणार होतं आणि गादी धरायला दोन माणसं लागतात. आणि मी मनाशी हिशेब केला होता की दोन्ही जमेल. वेळ होता.

"आता काय राहिलं?" गिरडकरनं विचारलं.

"एक फोटो."

"फोटो? कोणाचा?" तो म्हणाला आणि पुन्हा बसला.

बबनला आम्ही गादीवरून नेलं. एक टोक माझ्याकडे, एक प्रमिलाकडे. आई मागून बाटली घेऊन. एक्स-रेवाले काका आवराआवर करत होते. "उद्या आणा."

"काका, उद्या याचे पाय ताणणार आहेत," प्रमिला म्हणाली. "ताणू द्यायचे की नाही ते तुम्ही सांगा, मी तसं लिहिते."

काकांनी मशीन सुरू केलं.

पण त्या दिवशी डार्करूममधलं पाणी नुकतंच बदललेलं, थंडगार होतं. फिल्म धुवायला नेहमीपेक्षा वेळ लागणार होता. आम्ही बाहेर उभे. मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होतो. खिडकीतून मेडिसिनची इमारत दिसत होती. तिथल्या ऑफिसचं दारही दिसत होतं, उघडं. दर फेरीला ते उघडं आहे ना ते पाहत होतो. डार्करूमच्या दारावरचा लाल दिवा लागलेलाच होता. एकदा मी दार ठोठावलं. आतून काका म्हणाले, "ठोकून लवकर नाही होत डॉक्टर, दार उघडलं तर फिल्म जळते मात्र."

"बसा," प्रमिला म्हणाली. "फिरून काय होते?"

"तुमचं काय जातं म्हणायला."

"माझं काहीच जात नाही," ती शांतपणे म्हणाली. "मले मिळाली ती पोस्ट तुम्हीच सोडली."

मी बसलो. लगेच पुन्हा उठलो.

फिल्म आली ती ओली. सुकायला थांबलो नाही. सर लेक्चर हॉलमधून बाहेर पडत होते, तिथेच गाठलं. बुटके, नेटके, खडूनं पांढऱ्या झालेल्या बोटांचे. त्यांनी काही न विचारता फिल्म दोन बोटांत धरून खिडकीकडे केली. पाणी त्यांच्या कोटाच्या बाहीत उतरत होतं. हाडं दुधी काचेसारखी दिसत होती. गुडघ्यापाशी हाडाच्या टोकाला ठळक पांढरी रेघ, आणि त्यापलीकडच्या छोट्या हाडाभोवती अंगठीसारखं कडं. पुस्तकात होतं तसं, नेमकं तसं.

"कोणाचा?"

"सतरा नंबर, सर. बबन," मी म्हणालो.

सरांनी फिल्म खाली घेतली. मग म्हणाले, "या मुलाच्या खाटेवरून मी राउंडला गेलो आहे. एकदा नव्हे." त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला. कोट ओला होता, चष्मा आणखी खराब झाला. "उद्याचा व्यायाम रद्द करा. आजच क जीवनसत्त्व सुरू करा. आणि रस. सगळे घेतले?"

मी घाईनं "हो" म्हणणार, तेवढ्यात प्रमिला म्हणाली, "अजून तीन राहिले, सर."

"मग?" सर म्हणाले.

त्या "मग"वर वाद नव्हता. आम्ही वॉर्डात परतलो. अठराव्या खाटेवर मी भरभर सांगितलं. "घेतला." एकोणिसाव्यावर अजून भरभर. "घेतला." विसाव्या खाटेपाशी ती थांबली.

"काय राहिलं आता?"

"यांचं नाव काय?" तिनं आईकडे बोट दाखवून विचारलं.

मला माहीत नव्हतं. त्या बाईनंच सांगितलं, शांता.

"घेतला," प्रमिला म्हणाली.

सरांची सही घेऊन मी धावलो. जिना, मधला चौक, मेडिसिनचा जिना. ऑफिसात पोचलो तेव्हा गिरडकर पेनाचं टोपण लावत होता. क्लार्क कपाटाला कुलूप घालत होता. घड्याळाचा मोठा काटा बाराच्या जरासा पुढे सरकला होता.

"मी थांबलो होतो गा," गिरडकर म्हणाला. तो हसत नव्हता. "पाच वाजल्यावरच सही केली. विचार याले."

"साहेब, घड्याळ मी नाही चालवत," क्लार्क म्हणाला.

दोघंही खरं बोलत होते.

त्या संध्याकाळी मी कुठल्याच विभागाचा नव्हतो. पिशवी घेऊन मुलांच्या वॉर्डात परतलो, कारण सायकल तिथे होती. सर तिथे उभे होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी मला बिनपगारी हाऊसमन म्हणून ठेवून घेतलं. अशी सोय तेव्हा होती, काम पूर्ण आणि पगार नाही. "सहा महिने वाया जाणार नाहीत, एवढंच मी करू शकतो," ते म्हणाले. वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा वर चढवला आणि तसाच खाली उतरवला. ते मला जास्त लागलं.

बबनच्या आईला रस पाजायला राजी करण्यात प्रमिलाचे दोन दिवस गेले.

"खोकला झाला त?"

"झाला तर माझ्याकडे आण. मी बसते त्याले घेऊन."

आणि खोकला झाला. खरंच झाला. "पाहा, म्या म्हटलं होतं," बबनची आई साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली. पण रस तिनं थांबवला नाही. कारण त्याच सकाळी, कोणी जवळ नसताना, बबननं पांघरलेलं दुपटं लाथेनं उडवलं होतं. महिना संपायच्या आत तो खाटेचा गज धरून उभा राहिला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याचा कोट ओढू लागला. बाप संत्री आणत राहिला. आता त्यातली दोन बाजूला काढलेली असत.

पुढच्या टर्मला मला मेडिसिन मिळालं. त्या शाखेत मी सहा महिन्यांनी मागे होतो. बाहेरच्याला हे फार वाटणार नाही. आमच्या धंद्यात सहा महिने म्हणजे जन्मभराची पायरी. रजिस्ट्रार आधी गिरडकर, मग मी. लेक्चररची जागा निघाली ती एकच, ती त्याला. मी ती आणखी काही वर्षांनी, दुसऱ्या गावी जाऊन मिळवली. प्रमिला तोवर मुलांची एम.डी. झाली होती, तिनंही माझ्यासाठी बदली मागून घेतली आणि ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही. गिरडकर मला आयुष्यभर "काय गा ज्युनियर" अशीच हाक मारत आला. परवा भेटायला आला तेव्हा "काय गा" इतकंच म्हणाला, ज्युनियर म्हणाला नाही.

मोठ्यांच्या वॉर्डात मी सरांची वरात सुरू केली. केसपेपर मिटा, पेशंटकडे बघून सांगा, कशावरून ते सांगा. माझे हाऊसमन मागून मला काय म्हणत ते मला माहीत आहे. तीस-एक वर्षांत या पद्धतीनं किती निदानं बदलली असं कोणी विचारलं तर थोडीच. बहुतेक वेळा आधीचा माणूस बरोबरच असतो. फक्त तो कोणत्या वेळी चुकलेला आहे, हे कागदावर कळत नाही. म्हणून दर वेळी विचारावं लागतं आणि दर वेळी कोणाचा तरी उशीर होतो.

प्रमिला शेवटी ज्या दवाखान्यात भरती होती तिथे संध्याकाळी ड्यूटी बदलत असे. एक डॉक्टर मुलगा जायचा, एक मुलगी यायची. एकदा दोघं तिच्या खाटेच्या पायथ्याशी फाइल उघडून उभे राहिले. "नोन केस ऑफ," त्या मुलानं सुरुवात केली आणि आजाराचं नाव घेतलं. नोन केस म्हणजे निदान आधीच झालेला पेशंट.

"काय वं पोरी," प्रमिला उशीवरूनच त्या मुलीला म्हणाली, "कोणी ठरवलं?"

"मॅडम, फाइलमध्ये आहे."

"फाइल मिट. माझ्याकडे पाहून सांग. कशावरून?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. त्या खाटेचा चार्ज माझ्याकडे नव्हता. मग तिनं फाइल पायथ्याशी ठेवली, स्टूल ओढलं आणि पहिल्यापासून विचारायला लागली. कधीपासून दुखतं, वजन केव्हा उतरायला लागलं, काय खाता. हात चोळून गरम केले आणि पोट तपासलं, सावकाश, नीट. जाणारा मुलगा पिशवी खांद्याला अडकवून घड्याळाकडे बघत होता. मला त्याची दया आली.

तपासून झाल्यावर तिनं पांघरूण पुन्हा सारखं केलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "तेच आहे."

"हौ," प्रमिला म्हणाली. "आता म्हण, घेतला."